लेकराला दवाखान्यात कोण नेतं?

दुखणं लेकराचं असतं, पण दवाखान्यात जायचं की नाही हे लेकरू ठरवत नाही. ताप त्याच्या अंगात असतो. तो आईने ओळखायचा, आजीने ‘दात येत असतील’ म्हणून थांबवायचं की जा म्हणायचं, पैसे बापाने काढायचे आणि मोटारसायकल शेजारच्या काकाने द्यायची. एवढ्या हातांतून गेल्यावर ते मूल डॉक्टरच्या टेबलापर्यंत पोचतं. यातला एक हात जरी त्या दिवशी कामात गुंतलेला असला, तरी उशीर होतो.

म्हणून मुलांच्या आरोग्यसेवेबद्दल ‘दवाखाना किती दूर आहे?’ एवढं विचारून भागत नाही. मुलाला कोण नेतं, केव्हा नेतं आणि कुठल्या वयापर्यंत नेतं, हे विचारावं लागतं. शेवटचा प्रश्न सगळ्यांत कमी विचारला जातो. या प्रकरणात तोच मला जास्त महत्त्वाचा वाटतो, आणि तो समजून घ्यायला भंडारा जिल्ह्याइतकी बोलकी जागा क्वचित सापडेल.

१ मे १९९९ रोजी गोंदिया वेगळा झाला आणि भंडाऱ्याकडे सात तालुके उरले: भंडारा, तुमसर, मोहाडी, पवनी, साकोली, लाखनी आणि लाखांदूर. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या बारा लाखांच्या किंचित वर होती. मधून वैनगंगा वाहते, गावोगाव मालगुजारी तलाव आहेत, शेत म्हटलं की धान, आणि उत्तरेला तुमसरच्या बाजूला मँगनीजच्या खाणी. भंडारा शहर महामार्गावर आहे आणि नागपूर तिथून साठेक किलोमीटर. कागदावर पाहिलं तर हा जिल्हा दुर्गम नाही. शेजारच्या गडचिरोलीशी तुलना केली तर इथे रस्ते आहेत, एसटी आहे, तुमसर आणि साकोलीला उपजिल्हा रुग्णालयं आहेत, आणि मोठ्या आजाराला नागपूरचं ‘मेडिकल’, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय, आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये राज्यात जी दहा नवी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं सुरू झाली, त्यांत भंडाऱ्याचंही आहे. एवढं असूनही मूल उशिरा का पोचतं, याचं उत्तर रस्त्यात आणि इमारतीत सापडत नाही.

आरोग्यसेवा कोण वापरतं आणि कोण वापरत नाही, याचा विचार करणारी सर्वांत प्रसिद्ध मांडणी रोनाल्ड अँडरसन या अमेरिकन अभ्यासकाने १९६८ मध्ये केली. त्याने तीन प्रकारच्या गोष्टी वेगळ्या काढल्या. माणसाचं वय, शिक्षण, जात, समजुती या आधीपासूनच्या गोष्टी. पैसा, अंतर, वाहन, दवाखान्याची वेळ या वाट मोकळी करणाऱ्या किंवा अडवणाऱ्या गोष्टी. आणि प्रत्यक्ष दुखणं, म्हणजे गरज. या मांडणीचा एक तपशील सहसा सांगितला जात नाही: पहिल्या आवृत्तीत अँडरसनने एकट्या माणसाचा विचार केलाच नव्हता, कुटुंबाचा केला होता. पुढे कुटुंब मोजणं अवघड म्हणून अभ्यास एकेका व्यक्तीवर आला. मुलांच्या बाबतीत ती पहिली नजरच बरोबर होती, असं मला वाटतं. मुलाचं दुखणं हे घराचं काम असतं, आणि ते घरातल्या बाकीच्या कामांच्या रांगेत उभं राहतं.

ती रांग पावसाळ्यात सर्वांत लांब होते. जुलै-ऑगस्टमध्ये रोवणी लागते. परे उपटायचे, बांधीत चिखल करायचा आणि पाऊस आहे तोवर रोवून घ्यायचं. बायका गट करून गुत्त्याने रोवणी घेतात. अशा गटातली एक बाई घरी राहिली तर तिची मजुरी जातेच, शिवाय बाकीच्यांवर तिचं काम पडतं. या दिवसांत मिळालेला पैसा पुढचे कित्येक महिने पुरवायचा असतो. नेमक्या याच दिवसांत ताप येतात: मलेरिया, डेंग्यू, अलीकडे स्क्रब टायफस, आणि मेंदूज्वर. सरकारी दवाखान्याची मुख्य ओपीडी सकाळी असते, तेव्हा आई बांधीत गुडघाभर चिखलात असते. संध्याकाळी ती घरी येते, लेकराच्या कपाळाला हात लावते, आणि त्या वेळी उघडा असतो तो गावातला बोगस डॉक्टर. तो एक सुई टोचतो, फार तर सलाईन लावतो, पैसे उधार ठेवतो आणि वर घरी येऊन पाहून जातो. लोक अडाणी आहेत म्हणून त्याच्याकडे जातात, हे म्हणणं मला पटत नाही. त्याच्या दुकानाची वेळ त्यांच्या मजुरीच्या वेळेशी जुळते, हे कारण जास्त मोठं आहे. त्याचं औषध मात्र अनेकदा दोन दिवस खाऊन टाकतं, आणि काही आजारांत तेवढे दिवस हातात नसतात.

चांदीपुरा हा त्यांतला एक. १९६५ मध्ये नागपूरजवळच्या चांदीपुरा गावातल्या तापाच्या रुग्णांच्या रक्तात हा विषाणू सापडला आणि गावाचंच नाव त्याला चिकटलं. वाळूमाशीने तो पसरतो. पुढची कित्येक वर्षं तो फारसा धोकादायक मानला गेला नाही. २००३ मध्ये आंध्रात आणि महाराष्ट्रात त्याने मुलांचे बळी घेतले तेव्हा चित्र बदललं. २००७ च्या पावसाळ्यात नागपूर विभागात, ज्यात भंडारा येतो, पंधरा वर्षांखालच्या मुलांमध्ये मेंदूज्वराचे ७८ रुग्ण नोंदले गेले आणि त्यांतली चाळीस टक्क्यांहून जास्त मुलं दगावली. यात संध्याकाळी ताप चढतो, रात्री झटके येतात, सकाळी शुद्ध हरपते. यावर खास औषध नाही. पण झटके थांबवणं, श्वास चालू ठेवणं, मेंदूची सूज कमी करणं एवढं वेळेत झालं तर मूल वाचू शकतं. ‘उद्या पाहू’ हा निर्णय साध्या तापात कुणाला महाग पडत नाही, आणि साधा ताप व हा ताप पहिल्या काही तासांत आईला सारखेच दिसतात.

सापाचंही तसंच. पावसाळ्यात जमिनीवर झोपलेल्या मुलाला मण्यार चावला तर जखम दिसतही नाही. पोटात दुखतंय म्हणून उतारा टाकला जातो आणि पहाटे पापण्या मिटू लागतात तेव्हा धावाधाव सुरू होते.

पैशाचं बोलायला हवं, कारण त्याबद्दल बराच गैरसमज आहे. राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत आहेत. नवजात आणि वर्षाच्या आतल्या आजारी बाळाला तर केंद्राच्या जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमात औषध, तपासणी आणि गाडी फुकट मिळते. २०१४ पासून १०८ ची रुग्णवाहिका आहे. तरीही ‘पैसे नव्हते म्हणून नेलं नाही’ हे वाक्य ऐकू येतं, आणि ते खोटं नसतं. बुडालेली मजुरी, सोबत राहणाऱ्याचं जेवण, घरच्या दुसऱ्या मुलांना सांभाळायला कुणाला तरी बोलावणं, जनावरांचं पाणी, आणि नागपूरला धाडलं तर तिथे किती दिवस लागतील याची धास्ती, या सगळ्यांचं बिल दवाखाना देत नाही. ‘रेफर केलं’ हे दोन शब्द भंडाऱ्यात फार ऐकू येतात. गाव ते प्राथमिक आरोग्य केंद्र, तिथून ग्रामीण रुग्णालय, तिथून जिल्हा, तिथून नागपूर. प्रत्येक टप्प्यावर घराला नव्याने निर्णय घ्यावा लागतो, आणि प्रत्येक टप्प्यावर काही घरं थांबतात. नागपूर जवळ असल्याचा फायदा आहे. पण ते जवळ असल्यामुळे मधल्या पायऱ्यांवर बालरोगतज्ज्ञ पक्का बसवण्याची घाई कुणाला होत नाही, हे मला या जवळीकीचं नुकसान वाटतं.

कोण थांबतं, यात मुलगा की मुलगी हेही येतं. देशातल्या सरकारी नवजात अतिदक्षता कक्षांत दाखल होणाऱ्या दर दहा बाळांत सुमारे सहा मुलगे असतात. जन्मतः मुलगे थोडे नाजूक असतात हे खरं, जन्मही मुलग्यांचे जास्त होतात हेही खरं, पण एवढ्यावर हा फरक पुरता उलगडत नाही.

आणि विश्वास. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयातल्या नवजात कक्षात आग लागली. आत १७ बाळं होती. सात वाचली, दहा गेली. ही बाळं घरी ठेवलेली नव्हती. त्यांच्या घरच्यांनी सांगितलेलं सगळं केलं होतं: दवाखान्यात बाळंतपण, वजन कमी म्हणून दाखल करणं, कक्षाच्या बाहेर बसून राहणं. आरोग्य यंत्रणा ज्याला योग्य वागणूक म्हणते ती तंतोतंत वागून त्यांनी बाळ गमावलं. त्या रात्रीबद्दल लिहिताना सुरक्षेच्या तपासण्या, वायरिंग, जबाबदारी यांवर पुष्कळ लिहिलं गेलं आणि ते आवश्यकच होतं. मला त्यापलीकडे आया आठवतात. बाळ आत, आई बाहेर, ही नवजात कक्षांची जुनी पद्धत. केंद्राने २०१७ मध्येच अशा कक्षांत आई-वडिलांना आत घेऊन बाळाच्या देखभालीत सामील करण्याच्या सूचना दिल्या आहेत, आणि त्यामागचं कारण प्रेमापुरतं नाही. आई आत असली की बाळाचं दूध वाढतं, उबदारपणा टिकतो, बदल लगेच लक्षात येतो. आपल्या डोळ्यांसमोर काय चाललंय हे दिसत असेल, तर पुढच्या वेळी न बोलावता माणूस येतो. विश्वास असाच तयार होतो. पोस्टर लावून तो आणता येत नाही.

हे सगळं अडथळ्यांचं झालं. पण लहान बाळांच्या बाबतीत या भागाने जगाला एक उत्तरही दिलं आहे. शेजारच्या गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने उलट विचार केला: बाळ दवाखान्यात येत नसेल तर दवाखान्याने बाळाकडे जावं. ३९ गावांत, गावातल्याच बाईला शिकवून, नवजात बाळाचा श्वास मोजणं, ऊब देणं, जंतुसंसर्ग ओळखून उपचार करणं हे घरीच सुरू झालं. डिसेंबर १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निकाल आले, तेव्हा त्या गावांतले नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झालेले होते. त्यातूनच पुढे देशभर आशाताईंची घरभेट आली. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाकडे ती तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जाते. २०१८ पासून तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या आणि पंधराव्या महिन्यातही जाते. मधल्या काळात लसी आहेत, दर महिन्याला अंगणवाडीत वजन आहे.

आता हीच नोंद पुढे वाचत जा. सोळा ते चोवीस महिन्यांत बूस्टर. मग पाचव्या वर्षी एक लस. सहाव्या वर्षी अंगणवाडी सुटते. मग दहाव्या वर्षी टीडी, म्हणजे धनुर्वात-घटसर्पाची लस, सोळाव्या वर्षी पुन्हा टीडी, आणि या दोन सुया ठरलेल्या आहेत हे बहुतेक घरांना ठाऊकही नसतं. पहिल्या दीड महिन्यात सहा वेळा दारात येणारी आरोग्यसेवा पुढे वर्षाकाठी एकदाही दारात येत नाही. मूल मोठं होतं तसं ते कमी आजारी पडतं, हे याचं एक कारण. पण आजार संपत नाहीत, ते बदलतात. आणि बदललेल्या आजारांना कुणीतरी नेणारं लागतं, ते सापडत नाही.

सिकलसेलमध्ये हे सर्वांत स्पष्ट दिसतं. मध्य भारतातल्या सिकलसेलची नोंद नागपूरच्या डॉक्टरांनी १९५८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये केली. विदर्भाच्या पूर्व भागात हा आजार गोंड, हलबा अशा आदिवासी समाजांत आहे, पूर्वाश्रमीच्या महार म्हणजे आजच्या बौद्ध समाजात आहे, कुणबी-तेल्यांतही आहे. आई-वडील दोघांत हा गुण अर्धा अर्धा असेल, म्हणजे दोघंही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात बाळ रुग्ण होण्याची शक्यता २५ टक्के असते. वाहकाला स्वतःला बहुधा काहीच होत नाही, म्हणून लग्न ठरताना कुणाच्या मनात शंका येत नाही.

रुग्ण बाळ पहिले काही महिने ठणठणीत असतं, कारण जन्माच्या वेळचं वेगळं हिमोग्लोबिन त्याला सांभाळतं. सहा महिन्यांच्या सुमाराला हातापायांची बोटं सुजतात, ताप येतो, डोळे पिवळे होतात, हाडं ठणकतात. आजार एकच आहे, पण घरात त्याला वेगवेगळी नावं मिळतात, आणि नावाप्रमाणे दार बदलतं. डोळे पिवळे दिसले की कावीळ ठरते. मग काविळीची माळ, काविळीचा झाडपाला, अमक्या गावचा उतरवणारा. सांधे दुखले की वात. मालीश आणि शेक. थकवा आला की ‘अशक्तपणा’, टॉनिकची बाटली. फिकेपणा तर कुणी आजारच मानत नाही, कारण अवतीभवतीची बहुतेक मुलं फिकीच असतात: २०१९-२० च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या पाच वर्षांखालच्या मुलांपैकी जवळजवळ ६९ टक्के मुलांत रक्तक्षय आढळला. या प्रत्येक वळणावर आई-बाप निष्काळजी नसतात. ते धावतच असतात, फक्त वेगळ्या दिशेने. एका साध्या रक्ततपासणीने ही वणवण थांबते, पण ती तपासणी करायची हे आधी कुणाला तरी सुचावं लागतं.

निदान झालं तरी प्रश्न संपत नाही, तो जास्त लांबतो. हायड्रॉक्सीयुरियाची गोळी रोज घ्यायची, फॉलिक ॲसिड रोज, ठरावीक काळाने रक्त तपासायचं, ताप आला की त्याच दिवशी दवाखाना गाठायचा, पाणी भरपूर प्यायचं, थंडीत जपायचं. जे मूल आज खेळतंय, त्याला गोळीसाठी दर महिन्याला मजुरी बुडवून तालुक्याला न्यायचं, ही गोष्ट पटायला अवघड आहे. आपली सगळी सेवा ‘दुखलं की जा’ या सवयीवर उभी आहे, आणि या आजाराला ‘दुखू नये म्हणून जा’ ही सवय लागते. २०१६ च्या अपंग व्यक्ती हक्क कायद्यात सिकलसेलचा समावेश झाला, एसटीच्या प्रवासात सवलत आली, १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशात शहडोलला राष्ट्रीय निर्मूलन अभियान सुरू झालं आणि चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी करायचं ठरलं. तपासणी जोरात होते, ती मोजता येते म्हणून. पण निदान झालेल्या मुलाची गोळी आठव्या महिन्यातही चालू आहे का, हे पाहण्याचं काम तितक्या जोराने होत नाही. खरं तर त्या मुलाचं आयुष्य त्या गोळीवरच अवलंबून असतं.

सहा ते दहा या वयात मुलाला नेणारं सर्वांत भरवशाचं ठिकाण शाळा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम ६ फेब्रुवारी २०१३ रोजी महाराष्ट्रातल्याच पालघरहून सुरू झाला. दोन डॉक्टर, एक परिचारिका आणि एक औषधनिर्माता असं पथक गाडीने फिरतं, अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा जातं, आणि जन्मजात व्यंगापासून कानाच्या पू येण्यापर्यंत तीस प्रकारच्या त्रासांची तपासणी करतं. हृदयाला छिद्र असलेल्या कितीतरी मुलांच्या शस्त्रक्रिया या वाटेने झाल्या. नोव्हेंबर २०१८ मध्ये गोवर-रुबेला मोहीम राज्यात आली तीही शाळांतून, आणि ३ जानेवारी २०२२ पासून पंधरा ते अठरा वर्षांच्या मुलांना कोविडची लस द्यायला शाळा-महाविद्यालयंच सोयीची ठरली. मूल जिथे रोज जातं तिथे सेवा गेली की आजीची परवानगी, बापाची मजुरी, शेजाऱ्याची मोटारसायकल हे सगळे हात वगळता येतात. पण पथक गेलं त्या दिवशी गैरहजर असलेलं मूल? बहुधा तेच आजारी असतं. किंवा ते आई-बापाबरोबर वीटभट्टीवर गेलेलं असतं. सिकलसेलचं मूल तर हमखास गैरहजर, कारण त्याची हाडं दुखत असतात. त्याचं दुखणं डोळ्यांना दिसत नाही, म्हणून शाळेत ते कामचुकार ठरतं.

आणि मग तेरावं-चौदावं वर्ष लागतं. या वयात मुलाला दवाखान्यात नेणं घरचे थांबवतात आणि ते स्वतः जायला लागलेलं नसतं.

१९८९ मध्ये बंग दांपत्याचाच एक अभ्यास ‘लॅन्सेट’मध्ये आला होता. गडचिरोलीतल्या दोन गावांतल्या तेरा वर्षांवरच्या ६५० मुली आणि स्त्रियांची तपासणी झाली. ९२ टक्के जणींना अंगावरून जाणं, पाळीचा त्रास, जंतुसंसर्ग असा काही ना काही स्त्रीरोग होता. त्याआधी अशी तपासणी झालेल्या फक्त आठ टक्के होत्या. या अभ्यासाने जगभरच्या स्त्री-आरोग्याच्या धोरणाला धक्का दिला. मला त्यातली तेरा वर्षांची मुलगी महत्त्वाची वाटते. दुखणं अंगावर काढायची सवय तिशीत लागत नाही, ती पहिल्या पाळीबरोबर शिकवली जाते.

मुलग्यांचं वेगळं. चौदा-पंधरा वर्षांचा पोट्टा पानठेल्यावर खर्रा खायला शिकतो. सुपारी, तंबाखू, चुना प्लास्टिकच्या कागदावर घासून केलेला खर्रा विदर्भात इतका घरचा झाला आहे की पाहुण्याला विचारला जातो. गुटख्यावर राज्यात २०१२ मध्ये बंदी आली, खर्रा मात्र ठेल्यावर बसून राहिला. सुपारीने गालाची आतली बाजू ताठ होत जाते. तिखट सोसेनासं होतं, मग तोंडात दोन बोटंही जात नाहीत. दवाखान्यात गेलं तर पहिला प्रश्न ‘खर्रा खातोस का?’ हाच असणार आणि तो वडिलांच्या समोर विचारला जाणार, हे त्याला माहीत असतं. म्हणून तो जात नाही.

या वयासाठी योजना नाही असं नाही. ७ जानेवारी २०१४ रोजी राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला, दहा ते एकोणीस वयासाठी. पोषण, लैंगिक आरोग्य, मनाचं आरोग्य, हिंसा आणि इजा, व्यसन, पुढे येणारे मधुमेह-रक्तदाबासारखे आजार, असं सगळं त्यात आहे. शाळेत आठवड्याला लोहाची निळी गोळी मिळते. महाराष्ट्रात किशोरवयीनांसाठीचे दवाखाने ‘मैत्री क्लिनिक’ या सुंदर नावाने ओळखले जातात. पण मैत्री क्लिनिक बहुधा मोठ्या सरकारी दवाखान्याच्या एखाद्या खोलीत असतं. ते शाळेच्या वेळेत उघडतं. त्याच्या दारासमोरच्या रांगेत गावातल्या चार ओळखीच्या बाया बसलेल्या असतात. साकोलीच्या बाजारातून एकटी चालत जाऊन त्या खोलीत शिरणारी सोळा वर्षांची मुलगी संध्याकाळपर्यंत गावात चर्चेचा विषय होते.

इथे एक गोष्ट नीट पाहायला हवी. आशाताई गावचीच असते, कुणाची काकू, कुणाची वहिनी. बाळंतिणीच्या घरी तिला दार उघडं असतं ते यामुळेच. ‘सर्च’च्या प्रयोगाचं बळ तेच होतं. पण पाळी चुकलेली मुलगी, किंवा रात्री झोप न येणारा आणि जगण्यात अर्थ न वाटणारा बारावीचा मुलगा, यांना ज्या एका व्यक्तीला सांगायचं नसतं ती आईची मैत्रीण असलेली आशाताईच असते. एकाच ओळखीने बाळाला वाचवलं आणि किशोराचं तोंड बंद केलं. यात आशाताईची काही चूक नाही. जी सेवा नवजात बाळासाठी घडवली तीच थोडी लांबवून एकोणिसाव्या वर्षापर्यंत पुरेल, असं आपण गृहीत धरलं, ही चूक आहे. ऑक्टोबर २०२२ पासून ‘टेलि-मानस’चा १४४१६ हा मोफत नंबर आहे, मराठीत बोलता येतं, आणि पलीकडे अनोळखी माणूस असतो. या वयाला अनोळखी माणूसच हवा असतो. तरीही तो नंबर किती वर्गांच्या भिंतीवर आहे, हे कुठल्याही शाळेत गेलात तर पाहा.

कायदाही या वाटेत उभा आहे. २०१२ च्या पॉक्सो कायद्याने अठरा वर्षांखालच्या मुलीशी आलेला कुठलाही शरीरसंबंध गुन्हा ठरतो आणि तो कळल्यावर डॉक्टरने कळवणं बंधनकारक आहे. अत्याचार लपू नये म्हणून हा नियम आला, आणि तो हवा होता. पण सतरा वर्षांच्या गरोदर मुलीला आणि तिच्या आईला सरकारी दवाखान्यात पाऊल टाकलं की पोलीस येतील एवढंच कळतं, आणि मग त्या मेडिकल दुकानातल्या गोळ्यांकडे किंवा दाईकडे वळतात. सर्वोच्च न्यायालयाने २९ सप्टेंबर २०२२ च्या निकालात यावर तोड काढली: गर्भपातासाठी आलेल्या अल्पवयीन मुलीने आणि पालकांनी विनंती केली, तर डॉक्टरने पोलिसांना कळवताना तिचं नाव आणि ओळख उघड करण्याची गरज नाही. हा निकाल गावपातळीच्या प्रत्येक सिस्टरला आणि डॉक्टरला तोंडपाठ असायला हवा. मुलींचे जीव याने वाचतील.

आणि सिकलसेल इथे पुन्हा भेटतो. नववीतल्या मुलीचं शाळेत रक्त तपासलं, ती वाहक निघाली. हा निकाल कुणाला सांगायचा? प्रकृतीने ती उत्तम आहे. तिला माहिती हवी ती पुढे जोडीदार निवडताना. पण घरी कळलं की ‘पोरीच्या लग्नाला अडेल’ म्हणून कागद पेटीच्या तळाशी जातो. तिला कळतं ते अर्धवट, आणि पाच वर्षांनी तिचं लग्न ठरवताना मुलाचं रक्त तपासा असं म्हणण्याची हिंमत तिच्याजवळ नसते. निर्मूलनाची सगळी गणितं या मुलीच्या हिमतीवर अवलंबून आहेत, आणि तिच्याशी एकटीशी बोलायला यंत्रणेने माणूस नेमलेला नाही. रुग्ण असलेल्या मुलाची अडचण आणखी वेगळी: अठराव्या वर्षी बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं छत्र संपतं, बालरोगतज्ज्ञ ‘आता मोठ्यांच्या ओपीडीत जा’ म्हणतात, आणि त्याचा सगळा इतिहास माहीत असलेली आई नव्या डॉक्टरच्या खोलीत त्याच्याबरोबर येत नाही.

काय करता येईल याची लांब यादी द्यायची नाही. एकच सुचवतो, कारण त्याला नवी इमारत लागत नाही. सोळाव्या वर्षी टीडीची लस ठरलेली आहे. भंडारा जिल्ह्यातल्या प्रत्येक शाळेत आणि कनिष्ठ महाविद्यालयात, रोवणीचे दिवस टाळून, तिचा दिवस ठरवावा. सुई टोचायला दुसऱ्या तालुक्यातली सिस्टर यावी, म्हणजे ती कुणाची काकू नसेल. सुईनंतर अर्धा तास बसायचंच असतं. त्यातली दहा मिनिटं प्रत्येक मुलाला आणि मुलीला वेगळ्या खोलीत, दार लोटून, तिच्यासमोर एकट्याने बसायला मिळावीत. पाळी, खर्रा, झोप, सिकलसेलचा निकाल, विचारायचं ते विचारावं. गैरहजर असलेल्यांची यादी त्याच संध्याकाळी काढावी आणि पुढच्या आठवड्यात त्यांच्या घरी जावं. शाळा सोडलेल्यांची यादी ग्रामपंचायतीकडून घ्यावी.